बुलेटचा बेंड पाइप घरी उतरवून त्याला हीट रॅप कसा गुंडाळायचा

बेंड पाइपाला हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी, गुंडाळायला तासभर लागतो. तोच पाइप इंजिनावरून उतरवायला कधी वीस मिनिटं लागतात, तर कधी दोन दिवस. व्हिडिओत सगळे पट्टीच दाखवतात, कारण कॅमेरा सुरू होण्याआधी नट सैल करून ठेवलेले असतात. म्हणून या लेखात नटांवर जरा जास्तच लिहिलंय. पट्टी कुणालाही जमते.

माझी गाडी २०१३ ची क्लासिक ३५०. ३४६ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, कार्ब्युरेटर, पाइप उजव्या अंगाला. कोल्हापुरात वाढलेली, म्हणजे वर्षातले चार महिने ओलीच. इंजिनाच्या हेडपासून (सिलिंडरच्या वरच्या भागापासून) सायलेन्सरपर्यंत येणारा जो वाकडा पाइप, त्याला आपल्याकडे बेंड पाइप म्हणतात. मी दिलेली मापं माझ्या गाडीची आहेत, पण पद्धत एअरकूल्ड सिंगल सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांना लागू पडते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा पाइप मात्र हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो, तिथे स्टडची, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आणि नट चढवायच्या आटेदार दांड्यांची, भानगडच नाही.

आधी ठरवा, गुंडाळायचं कशासाठी

पॉवर वाढते म्हणून करणार असाल तर पैसे वाचवा. तत्त्व खरं आहे. पाइपातला वायू गरम राहिला की तो पातळ राहतो आणि वेगाने बाहेर पडतो. पण वीस हॉर्सपॉवरच्या आसपासच्या इंजिनात हा फरक बुडाला जाणवणार नाही. जाणवतो तो पायाला. ट्रॅफिकमध्ये उजव्या पोटरीला लागणारी धग कमी होते, मागे बसणाऱ्याची चप्पल वाचते. दिसायला आवडतं म्हणून केलंत तरी हरकत नाही, मीही निम्मं त्यासाठीच केलं.

पाइप अचानक जास्त तापायला लागला असेल किंवा इंजिनाजवळ निळा पडला असेल, तर पट्टीच्या आधी कारण शोधा. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला निळं पडतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, इनटेकच्या रबरातून हवा ओढली जात असेल किंवा ठिणगीचं टायमिंग मागे गेलं असेल, तर पाइप असा पेटतो. गाडी उतारावर सोडल्यावर मागून फटफट आवाज येत असेल, तर फ्लँजची (पाइप हेडला आवळून धरणाऱ्या कड्याची) गॅस्केट, म्हणजे जोडातली वायू अडवणारी रिंग, गळत असण्याचीही शक्यता आहे. वरून पट्टी गुंडाळली की हे सगळं झाकलं जातं, बरं होत नाही.

काहींनी हा उद्योग करूच नये. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. कन्व्हर्टरचा फुगीर भाग आधीच प्रचंड तापतो, त्यावर पट्टी मारली तर तो लवकर मरेल. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमवाल्याला आयतं कारण मिळेल. पाइप दुहेरी भिंतीचा असेल तर बाहेरची भिंत मुळातच कमी तापते, तिथे फायदा थोडा. आणि क्रोमवर जीव असेल तर विसराच. पट्टीखालचं क्रोम परत पूर्वीसारखं दिसत नाही.

काय काय आणायचं

पट्टी दोन प्रकारची मिळते. काचतंतूची स्वस्त असते आणि साधारण ५०० अंशांपर्यंत टिकते. दुसरी बसाल्टच्या धाग्यांची, बाजारात तिला ‘टायटॅनियम’ किंवा ‘लाव्हा’ पट्टी म्हणतात. ती महाग, पण जास्त तापमान सोसते आणि तिचे तंतू कमी झडतात. बसाल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. तोच वितळवून त्याचे धागे काढतात. मी पहिल्यांदा काचेची वापरली, दुसऱ्यांदा बसाल्टची. तिसऱ्यांदाही बसाल्टचीच घेईन.

रुंदी २५ मिलिमीटरची घ्या. ५० ची पट्टी सरळ पाइपाला छान बसते, पण मोटारसायकलच्या आखूड वळणांवर तिला आतल्या बाजूने चुण्या पडतात.

लांबीचा हिशोब सोपा आहे. माझ्या पाइपाचा व्यास ३८ मिलिमीटर, गुंडाळायचा भाग ६० सेंटिमीटर. पट्टीची जाडी धरून एक वेढा साधारण साडेबारा सेंटिमीटरचा होतो. २५ ची पट्टी दर वेढ्याला ६ मिलिमीटर मागच्यावर चढवली की वेढा १९ मिलिमीटरच पुढे सरकतो. म्हणजे ३२ वेढे, चार मीटर. पाच मीटरचा रोल पुरतो. पाइप मोजायला व्हर्निअर नसेल तर दोरा गुंडाळून परीघ काढा आणि ३.१४ ने भागा.

स्टेनलेस स्टीलच्या लॉकिंग पट्ट्या आठ-दहा घ्या, दोन-तीन वाया जातातच. एक नवी एक्झॉस्ट गॅस्केट आणा, ही न घेता कामाला हात लावू नका. जुनी रिंग एकदा दाबली गेली की परत तशी बसत नाही. दोन नवे नट घ्या, पितळी मिळाले तर उत्तम, कारण पितळ पोलादी स्टडवर गंजून धरत नाही. कॉपर ग्रीस, जंग सोडवणारं तेल, पितळी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, एक-दोन होज क्लिप. आणि मास्क एन ९५, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. याची थट्टा करू नका. ट्रेकला खाजकुइली लागली असेल तर काचतंतूची खाज कशी असते हे सांगायला नको, आणि हे तंतू नाकातही जातात.

नट

हे काम आदल्या रात्री सुरू होतं. इंजिन पूर्ण गार असताना दोन्ही नटांभोवतीची माती, जुना गंज तारेच्या ब्रशने झाडून काढा. स्टडचे जे आटे नटाबाहेर उघडे दिसतात ते खास साफ करा, कारण नट त्यांच्यावरूनच बाहेर येणार आहे. मग जंग सोडवणारं तेल थेंब थेंब सोडा. झोपण्याआधी एकदा, सकाळी उठून एकदा, चहा झाल्यावर एकदा. तेलाला वेळ लागतो. त्याला घाई शिकवता येत नाही.

माझी पहिली खेप फसली ती इथेच. गोव्याला निघायचं होतं, संध्याकाळचे सात वाजलेले, तेल मारून दहा मिनिटंही झाली नव्हती. तेरा नंबरचा पाना लावला, त्यावर पाइपाचा तुकडा चढवून लांब केला आणि जोर दिला. नट करकरला, मग एकदम लोण्यासारखा फिरला. मला वाटलं सुटला. हातात आला तो नट आणि त्यात अडकलेला अर्धा स्टड. उरलेला अर्धा हेडमध्ये, पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटलेला. दुसऱ्या दिवशी हेड उतरवून उद्यमनगरातल्या एका लेथवर घेऊन गेलो. तिथल्या काकांनी तुकड्यावर नट वेल्ड करून तो पाच मिनिटांत फिरवून काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “घाई कुणाला होती? तुला की नटाला?”

म्हणून आता असं करतो. आधी सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना नटावर पूर्ण बसतो का ते पाहतो. बहुतेक गाड्यांवर इथे ८ मिलिमीटरचा स्टड आणि १२ किंवा १३ चा नट असतो. उघड्या तोंडाचा फिक्स पाना इथे वापरूच नका, कोपरे झिजले की संपलं. पहिला झटका सोडायच्या दिशेला न देता आवळायच्या दिशेला, अगदी किंचित. त्याने गंजाची पकड तुटते. मग पाव आटा सोडायचा, अष्टमांश परत आवळायचा, तेलाचा थेंब, पुन्हा पाव आटा. पाना दाबल्यावर नट सरकण्याऐवजी स्प्रिंगसारखा पिळ खातोय आणि हात सोडला की मागे येतोय असं वाटलं, तर थांबा. तो नट फिरत नाही, स्टड पिळतोय.

अशा वेळी उष्णता कामाला येते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड ढिली पडते. गरम पाइपावर स्प्रे मात्र मारू नका, भडका उडतो. हात लावता येईल इतकं निवू द्या आणि मग तेलाच्या कुपीने थेंब सोडा.

कधी नटाऐवजी अख्खा स्टडच हेडमधून फिरत बाहेर येतो. घाबरू नका, ही उलट चांगली बातमी आहे. नवा स्टड टाका. स्टड तुटलाच तर घरी ड्रिल घेऊन शूर होऊ नका. ड्रिलचं टोक कठीण स्टडवरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि शंभराचं काम हजारात जातं. लेथवाला गाठा.

पाइप बाहेर काढताना

सायलेन्सरच्या खाली पोतं घातलेली वीट किंवा पाटी ठेवून त्याचं वजन पेला, नाहीतर सगळा भार हेडच्या स्टडवर येतो. जोडावरचा क्लॅम्प सैल करा, पाइपाला मध्ये कान आणि बोल्ट असेल तर तो काढा, फ्लँजचे नट सर्वांत शेवटी. सायलेन्सरचा जोड कार्बन आणि गंजाने धरलेला असतो. दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे पिळत ओढा. ठोकावंच लागलं तर लाकडाचा ठोकळा मध्ये घालून.

पाइप निघाल्यावर हेडच्या भोकात जुनी गॅस्केट चिकटलेली असते. लहान पेचकसाने कडेने उचकटा, ॲल्युमिनियमवर ओरखडा न पडता. मग भोकात स्वच्छ फडकं कोंबा आणि त्याचं एक टोक लाल चिंधीसारखं बाहेर लोंबतं ठेवा. आत विसरलेल्या फडक्यानिशी गाडी सुरू करणारा मी एकटा नाही.

आता पाइप पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा. वेल्डिंगचे सांधे नीट बघा. जुनी वर्कशॉपमधली युक्ती: बाहेरून सांध्यावर खडू घासा, आतून रॉकेलने ओला करा आणि थोडा वेळ थांबा. चीर असेल तर खडूवर ओलसर रेघ उमटते. चीर सापडली तर आधी वेल्ड. पट्टीखाली पाइप जास्त तापतो, चीर वाढतच जाणार. सगळं ठीक असेल तर रॉकेल पुसून, वाळवून ६०० अंशांचा काळा सिलिकॉन पेंट दोन पातळ हातांत मारा. पट्टीखाली पोलादाला तेवढंच कवच.

गुंडाळणं

काचतंतूची पट्टी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून निथळून घ्या. ओली पट्टी वळते, तंतू उडत नाहीत आणि वाळताना आवळते. बसाल्टच्या काही पट्ट्यांवर कोरडीच वापरा असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर ऐका.

सुरुवात कुठल्या टोकाने करायची यावर लोक भांडतात. माझं उत्तर कौलारू घरात आहे. कौलं वळचणीकडून लावत आढ्याकडे नेतात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी आत शिरत नाही. तसंच सायलेन्सरच्या टोकाकडून सुरू करून इंजिनाकडे चढा. दर वेढ्याची उघडी कड खाली तोंड करून राहते, पाणी आणि वारा दोन्ही तिच्यावरून निघून जातात.

सायलेन्सरमध्ये सरकणारं टोक उघडं सोडा. फ्लँजखालीही दोन-तीन सेंटिमीटर सोडा आणि फ्लँज आपल्या जागी वर सरकवून घ्या. पाइप एकदा गाडीवर नुसता टेकवून ब्रेक पेडल आणि इंजिन कव्हरपाशी किती जागा उरते ते बघून ठेवा. एकावर एक चढलेल्या वेढ्यांनी पाइप सहा-आठ मिलिमीटरने जाड होतो.

हे दोघांचं काम आहे. आमच्याकडे भाचा आला होता, बारावीचा. रोलचं टोक होज क्लिपने पाइपावर धरलं, पहिला वेढा जागच्या जागी पूर्ण दिला, मग रोल त्याच्या हातात. तो अंगणात चार पावलांवर उभा राहून पट्टी ताणून धरणार, मी पाइप फिरवत फिरवत त्याच्याकडे सरकणार. “मामा, किती ओढू?” “पतंगाला ढील देतोस तसं नाही, मांजा ताणतोस तसं.” हे त्याला लगेच कळलं. पट्टी इतकी ताणलेली हवी की वेढा अंगठ्याने सरकवायचा म्हटलं तर सरकू नये.

वळणावर बाहेरच्या बाजूचा ओव्हरलॅप आपोआप कमी होतो आणि आतल्या बाजूचा वाढतो. म्हणून डोळा बाहेरच्या कडेवर ठेवा. तिथे किमान तीन-चार मिलिमीटर चढलं पाहिजे, नाहीतर पाइप तापल्यावर फट उघडते. आम्हाला मधलं वळण दोनदा उलगडावं लागलं. भाच्याचं तोंड उतरलं होतं, पण आत्ता उलगडणं सोपं असतं.

शेवटचा वेढा जागच्या जागी पूर्ण द्या, टोक आत दुमडून कापा म्हणजे दशा सुटणार नाहीत. मग स्टीलच्या पट्ट्या: दोन्ही टोकांना, प्रत्येक वळणाच्या आधी आणि नंतर. लॉक इंजिनाकडच्या बाजूला, नजरेआड येऊ द्या. पक्कडीने ओढून आवळा, शेपटी कापा आणि उरलेलं टोक दाबून मोडा. कापलेली स्टीलची पट्टी ब्लेडसारखी असते. एक पँट आणि एक बोट देऊन मी हे शिकलो.

परत बसवताना

फडकं काढा. (काढलं?) नवी गॅस्केट हेडच्या भोकात बसवा. खाली पडत असेल तर कडेला ग्रीसचे दोन ठिपके तिला धरून ठेवतात. स्टडला कॉपर ग्रीस. पाइप लावताना सगळेच नट-बोल्ट आधी बोटांनी नुसते अडकवा. मग फ्लँजचे दोन नट आलटून पालटून अर्धा-अर्धा आटा, दोन्हीकडची फट सारखी ठेवत. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात लावला तर फ्लँज तिरका बसतो आणि गॅस्केट गळते. ८ मिलिमीटरच्या अशा नटाला २० न्यूटन मीटरच्या आसपास ताकद सर्वसाधारणपणे पुरते, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच पाळा. त्यानंतर पाइपाचा मधला बोल्ट, शेवटी सायलेन्सरचा क्लॅम्प. हा क्रम उलटा केलात तर पाइप कायम ताणात राहतो आणि सांधा चिरतो.

हात, गळा गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने खाज वाढते असं माझा अनुभव सांगतो. रुतलेले तंतू काढायला चिकटपट्टी लावून ओढा. कपडे वेगळे धुवा, बाळाच्या लंगोटांबरोबर नको.

पहिला धूर

गाडी उघड्यावर काढा. बंद पार्किंगमध्ये अजिबात नको, धूर तर होईलच, पण न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड त्याहून वाईट. सुरू केल्यावर पाच मिनिटांत पट्टीतून पांढरा धूर येतो. शेजारच्या काकू खिडकीतून “अहो, पेटली गाडी!” म्हणतात. घाबरून पाणी ओतू नका. पट्टीतला ओलावा आणि चिकट द्रव्य जळत असतं. एअरकूल्ड इंजिन उभ्या उभ्या तापतं, म्हणून पाच-सात मिनिटं चालवून बंद करा, गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. मग एक फेरी मारून या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वास येतो, नंतर थांबतो.

फ्लँजजवळ काळी काजळी किंवा फुसफुस आवाज आहे का ते पाहा. पट्टी पूर्ण वाळल्यावर तिच्यावर उष्णता सोसणारा सिलिकॉन स्प्रे मारला तर तंतू बसून राहतात आणि पाणीही कमी मुरतं. शंभर किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना, फ्लँजचे नट आणि स्टीलच्या पट्ट्या पुन्हा तपासा. पट्टी बसल्यावर थोडी ढिली पडतेच.

पाइप उतरलाच आहे तर सायलेन्सरही ‘मोकळा’, म्हणजे मोठ्या आवाजाचा, करू, असा मोह होतो. रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे पोलिसांनी काढलेले फोटो आठवा आणि कंपनीचा मूळचाच परत लावा.

तेल आणि पाऊस

पट्टीचे दोन शत्रू. इंजिन ऑइल बदलताना किंवा फिल्टर काढताना तेल पट्टीवर सांडलं तर ती समईची वात होते. तापलेल्या पाइपावर तेल प्यायलेली वात. ऑइल बदलायच्या आधी पाइपावर जुनं प्लॅस्टिक बांधा. सांडलंच, तर तेवढी पट्टी काढून नवी गुंडाळा, धुऊन निघत नाही.

दुसरा पाऊस. ओली पट्टी साध्या पोलादाच्या पाइपाला चिकटून बसते. रोज चालणारी गाडी तापून ती वाळवते, पण पावसात भिजून आठवडाभर उभी राहिलेली गाडी आतून गंजत जाते. पाइप स्टेनलेसचा असेल तर एवढी काळजी नाही. माझा नाही. त्यामुळे खंडेनवमीला पाने-पकडी पुसून पूजेला मांडल्या की त्यांचं पहिलं काम पट्टी चढवण्याचं, आणि मे महिन्याच्या शेवटी, पहिला वळीव बघून, पट्टी उतरवण्याचं. कॉपर ग्रीस आणि पितळी नटांमुळे आता पाइप खरंच वीस मिनिटांत निघतो. गॅस्केट दर वेळी नवीच.

काचतंतूची भाजलेली पट्टी ठिसूळ होते, ती दुसऱ्या हंगामाला चालत नाही. काढण्याआधी तिच्यावर भरपूर पाणी मारा, ओली असतानाच कापा आणि जाड पिशवीत तोंड बांधून टाका. कोरडी ओढली तर सगळं अंगण खाजेल, आणि ते झाडून काढायला केरसुणी नव्हे, ओलं फडकंच घ्यावं लागेल.